नीरेकाठचा विद्यार्थी-खेळाडू : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयांचे वार्षिकांक हे ग्रामीण उच्च शिक्षणाच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन आहे. कथा-कवितांची पाने बाजूला ठेवली, तर या अंकांच्या शेवटी दोन अहवाल हमखास आढळतात. एक जिमखाना विभागाचा. त्यात ढाली, चषक, विद्यापीठ संघात निवड झालेल्यांची नावे आणि छातीवर हात बांधून उभ्या असलेल्या खेळाडूंची छायाचित्रे असतात. दुसरा अहवाल विद्यापीठ परीक्षांच्या निकालाचा. या दोन अहवालांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, असेच ते छापलेले असतात. ज्याचे छायाचित्र पहिल्या पानावर आहे, तो दुसऱ्या पानावरील टक्केवारीत कोठे बसला, उत्तीर्ण झाला की नाही, पुढच्या वर्षी महाविद्यालयात परत आला की नाही, हे समजण्याचा मार्ग राहत नाही. महाविद्यालयाला खेळाडूने काय दिले याची नोंद आपल्याजवळ आहे. त्यासाठी त्याला काय द्यावे लागले याची नोंद मात्र नाही.

प्रस्तुत निबंधात बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात विद्यार्थी-खेळाडूच्या अडचणींचा इतिहासाच्या अंगाने विचार करावयाचा आहे. या अडचणींची चर्चा सामान्यतः मैदान, साहित्य, मार्गदर्शक आणि निधी यांच्या अभावाच्या रूपात केली जाते. तो अभाव खराच आहे. परंतु त्यापेक्षा खोलवरची अडचण वेळेची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या परिसरातील विद्यार्थी-खेळाडू एकाच वेळी तीन पंचांगांप्रमाणे जगत आला आहे : शेतीचे, जत्रेच्या मैदानाचे आणि विद्यापीठाचे. या तिन्ही पंचांगांचा मेळ कधी बसला व केव्हा तुटला, हे पाहिल्याखेरीज आजची स्थिती नीट समजत नाही.

कालवा, ऊस आणि तालीम

भाटघर धरणाच्या पाण्यावर नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. १८७६-७८ च्या दुष्काळाची आठवण तेव्हा ताजी होती. या कालव्याने पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांतील नीरेलगतचा पट्टा भिजविला आणि त्याच तालुक्यांचे दोन भाग केले. कालव्याखालचा बागायत भाग आणि वरचा जिरायत भाग यांतील अंतर नकाशावर काही मैलांचे असले, तरी राहणीमानात ते फार मोठे होते. पुढे १९३४ मध्ये इंदापूर तालुक्यातील कळंबजवळ वालचंद हिराचंद यांच्या साखर उद्योगातून वालचंदनगर उभे राहिले. स्वातंत्र्योत्तर काळात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील सहकारी कारखान्यांनी परिसराचे अर्थकारण उसाभोवती बांधून टाकले. तिकडे भीमेच्या बाजूला उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, पळसदेवसारखी जुनी गावे पाण्याखाली गेली आणि इंदापूर तालुक्यात विस्थापितांची नवी गावठाणे वसली.

खेळाच्या इतिहासात या सर्व गोष्टींचे स्थान काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पैलवानकी ही पूर्वापार खुराकाची विद्या आहे. दूध, तूप, बदाम आणि विश्रांती यांवाचून जोर-बैठकांचा उपयोग नाही, हे कोणताही वस्ताद पहिल्याच दिवशी सांगतो. ज्या घरी दुभती जनावरे आणि बारमाही पाणी आहे, त्या घरचा मुलगा तालमीत टिकतो. जिरायत गावातील मुलगा तितक्याच अंगचणीचा असला, तरी तो बहुधा धावण्याकडे किंवा कबड्डी-खोखोकडे वळतो, कारण त्या खेळांना मोकळे माळरान पुरते. १९७२ च्या दुष्काळासारख्या वर्षांत तर तालमीच काय, घरची दावणही ओस पडली. खेळाची निवड ही आवडीची बाब आहे असे आपण मानतो. या परिसरात ती पुष्कळ अंशी पाटाच्या पाण्याची बाब होती.

जुन्या व्यवस्थेत तालमीचे अर्थकारण गावाच्या हाती होते. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा येत. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचे मैदान भरे आणि रेवड्यांच्या कुस्तीपासून मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत जोडी लागे. मल्लाच्या वर्षभराच्या खुराकाचा काही भाग या इनामांतून निघे, उरलेला घर आणि गाव सोसत असे. या व्यवस्थेत शिक्षणाला जागा नव्हती, पण शिक्षणाशी तिचा झगडाही नव्हता. पैलवान शिकत नसे आणि शिकणारा पैलवानकी करीत नसे, असा एक सरधोपट समज होता. हा समज मोडणारा माणूस नीरेकाठी नव्हे, कृष्णाकाठी जन्मास आला. त्याच्याकडे वळण्यापूर्वी त्याच्याही मागे जाणे आवश्यक आहे.

१९२० ते १९५२ : अनवाणी धावपटूपासून महाविद्यालयीन मल्लापर्यंत

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत अनवाणी धावणाऱ्या शेतकरी धावपटूंनी सर दोराबजी टाटांचे लक्ष वेधून घेतले आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा एक छोटा संघ गेला, ही हकीकत सुपरिचित आहे. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन सुमारे २ तास ५० मिनिटांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. कोल्हापूरचे रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, संघातील हे मराठी मुलखातले गडी प्रामुख्याने शेत आणि तालीम यांतून आलेले होते. महाविद्यालयीन तरुण त्या काळी क्रिकेट व टेनिसच्या मैदानावर होता. देशी व्यायाम एका बाजूला आणि महाविद्यालयीन क्रीडा दुसऱ्या बाजूला, अशी ही फाळणी होती.

ही फाळणी ज्याच्या आयुष्यात प्रथम ठळकपणे मोडली, ते म्हणजे खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर येथे १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये व पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. लाल मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅटवरची कुस्ती आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवीन होते. १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

हेलसिंकीच्या पदकाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने पदकाइतकाच महत्त्वाचा आहे तो प्रवासखर्चाचा भाग. सरकारी मदत अपुरी पडली, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने मारून त्या पैशांतून हे कर्ज फेडण्यास हातभार लावला. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, तरी निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८४ मध्ये अपघाती मृत्यू आला आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

ही कथा भाषणांतून प्राचार्यांच्या औदार्याची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ते औदार्य वादातीत आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला तीत आणखी एक गोष्ट दिसते. विद्यार्थी-खेळाडूच्या वाटचालीचा खर्च किती आणि तो कोणी सोसला, हे रुपयांच्या आकड्यासह नोंदले गेलेले हे एक दुर्मीळ उदाहरण आहे. खाशाबांना पदक मिळाले नसते, तर ते गहाणखतही विस्मृतीत गेले असते. त्या काळात आणि त्यानंतर पदकाविना परतलेल्या विद्यार्थ्यांची गहाणखते कोणी नोंदली?

१९६२ : एक महाविद्यालय आणि एक सीमारेषा

पुणे विद्यापीठाची स्थापना फेब्रुवारी १९४९ मधील. आरंभी त्याचे कार्यक्षेत्र पश्चिम महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांवर पसरलेले होते. बारामती-इंदापूरच्या विद्यार्थ्याला मात्र महाविद्यालय म्हणजे पुणे हेच समीकरण होते. दौंडपर्यंतची अरुंदमापी रेल्वे, तेथून पुण्याची गाडी आणि पुण्यात एखाद्या वसतिगृहातील जागा असा तो प्रवास असे. पुण्याला गेलेल्या मुलाची गावातील तालीम सुटे. तेथे तालमी होत्या, पण घरचे दूध नव्हते.

१९६२ मध्ये अनेकान्त एज्युकेशन सोसायटीने बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू केले आणि हे समीकरण बदलले. प्रथमच शेतकऱ्याचा मुलगा सकाळी तालमीत, दुपारी वर्गात आणि सायंकाळी मळ्यात असू शकत होता. विद्यार्थी-खेळाडू ही संकल्पना या परिसरात खऱ्या अर्थाने येथून सुरू होते, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे सोमेश्वरनगर, इंदापूर, वालचंदनगर-कळंब, भिगवण इत्यादी ठिकाणी महाविद्यालये निघाली. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान ही संस्था स्थापन झाली. शारदानगर येथे मुलींसाठी स्वतंत्र महाविद्यालय आले.

त्याच वर्षी, नोव्हेंबर १९६२ मध्ये, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. सातारा व सोलापूर जिल्हे तिकडे गेले आणि नीरा नदी ही दोन विद्यापीठांची सीमा बनली. बारामतीच्या पलीकडचे फलटण आणि इंदापूरच्या पलीकडचे अकलूज ही बाजारपेठेने, सोयरिकीने आणि यात्रा-जत्रांनी या तालुक्यांशी घट्ट बांधलेली गावे. जत्रेच्या मैदानात एकमेकांशी हात मिळविणारी मुले विद्यापीठाच्या कागदावर दोन वेगळ्या संघांत गेली. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर अकलूजच्या मुलाचा संघ पुन्हा बदलला. ही बाब गमतीची वाटेल. पण क्रीडाक्षेत्रात सराव-जोडीदार ही मोठी संपत्ती असते, आणि प्रशासकीय सीमारेषा आखताना ती कोणीच हिशेबात धरत नाही.

विद्यापीठांतर्गत रचनाही येथे थोडक्यात सांगितली पाहिजे. पुणे शहर, पुणे जिल्हा, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व नाशिक अशा विभागांतून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात. विभागीय संघ आंतरविभागीय स्पर्धेत खेळतात. तेथून विद्यापीठ संघ निवडला जातो व तो पश्चिम विभागीय आणि पात्र ठरल्यास अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. ही शिडी तत्त्वतः न्याय्य आहे. व्यवहारात बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर, इंदापूरहून त्याहून अधिक आणि नाशिक त्याच्याही पलीकडे २०० किलोमीटर. शहरातील खेळाडू सकाळी निवड चाचणी देऊन दुपारी प्रात्यक्षिकाला हजर राहू शकतो. इंदापूरच्या खेळाडूचे त्यासाठी दोन दिवस जातात. शिडीची प्रत्येक पायरी म्हणजे त्याच्या हजेरीपत्रकातील एक रिकामी ओळ, आणि ७५ टक्के उपस्थितीचा नियम मात्र दोघांना सारखाच.

तीन पंचांगे

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वार्षिक परीक्षा-पद्धती असताना या परिसरातील विद्यार्थी-खेळाडूचे वर्ष कसे जात असे? जून-जुलैत प्रवेश व पेरण्या. ऑगस्टपासून विभागीय स्पर्धांची सुरुवात, डिसेंबरपर्यंत विद्यापीठ स्तर आणि निवड झालीच तर हिवाळ्यात आंतरविद्यापीठ स्पर्धा. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटत आणि ऊसतोडीची धांदल सुरू होई. जानेवारी-फेब्रुवारीत खेळाडू पुस्तकांकडे वळे, मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा देई आणि परीक्षा संपताच यात्रांची मैदाने सुरू होत. तिन्ही पंचांगे एकमेकांना खेटून जात, पण एकमेकांवर आदळत नसत. कोणी ठरवून हे केले होते असे नाही. हा केवळ योगायोग होता आणि त्या योगायोगावर खेळाडूंच्या दोन-तीन पिढ्या पदवीधर झाल्या.

या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. दोन महिन्यांच्या घोकंपट्टीवर पदवी मिळत असे, हे आपण सर्व जाणतो. नापास झालेल्या खेळाडूचे पूर्ण वर्ष जात असे आणि अनेकदा त्याच्याबरोबर महाविद्यालयही सुटत असे. तथापि, त्या पद्धतीत खेळाडूला श्वास घेण्यास जागा होती, ही गोष्ट नाकारता येत नाही.

पदवी स्तरावरील कला व वाणिज्य शाखांना सत्र-पद्धती आणि पसंतीवर आधारित श्रेयांक-पद्धती २०१९-२० पासून लागू झाली. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम आले. सातत्यपूर्ण अंतर्गत मूल्यमापन, चाचण्या, प्रकल्प, सादरीकरणे ही शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने प्रगतीच आहे. पण पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी क्रीडा-हंगामाच्या मध्यावर येऊन पडली. खेळाडूला आता एका सत्राची परीक्षा, त्यापूर्वीची अंतर्गत चाचणी आणि आंतरविभागीय स्पर्धा यांतून निवड करावी लागते. ती निवड त्याने केली, की त्या सत्राचा राहिलेला विषय पुढील सत्राच्या हंगामात डोके वर काढतो.

२० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने सहअभ्यासक्रमीय श्रेयांकांत क्रीडेचाही समावेश केला, हे स्वागतार्ह आहे. परंतु दिवसातून दोन वेळा सराव करून विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करणारा विद्यार्थी आणि सत्रातून चार वेळा मैदानावर फेरी मारणारा विद्यार्थी यांना तेच दोन श्रेयांक मिळू शकतात. आणि श्रेयांक ही खेळाडूची मूळ गरजही नव्हे. त्याला हवी असते ती हुकलेल्या परीक्षेची दुसरी तारीख. ती मिळणे आजही पुष्कळदा नियमापेक्षा प्राचार्य व विभागप्रमुख यांच्या सौजन्यावर अवलंबून असते. खर्डेकरांच्या काळापासून आपण सौजन्यावरच चाललो आहोत, असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरू नये.

शेतीचे पंचांगही आता पूर्वीचे राहिलेले नाही. कालव्याची पाळी कधी रात्री येते. कृषिपंपांना वीज अनेकदा रात्रीच मिळते. घरात एकच तरुण असेल, तर दारे धरावयास तोच जातो. पहाटे तीनला मळ्यातून आलेला मुलगा साडेपाचला मैदानावर उभा राहतो तेव्हा त्याच्या कामगिरीतील घट शारीरिक शिक्षण संचालकाला दिसते, कारण दिसत नाही. आणि अनेक अनुदानित महाविद्यालयांत पदभरतीवरील निर्बंधांमुळे शारीरिक शिक्षण संचालकाचे पदच रिक्त राहिल्याने, ती घट पाहणाराही कोणी नसतो. मग क्रीडा विभागाचा अतिरिक्त कार्यभार इतिहासाच्या किंवा भूगोलाच्या प्राध्यापकाकडे येतो. त्यातील अडचण वेगळी सांगण्याची गरज वाचकांना नसावी.

१५०० मीटर आणि १६०० मीटर

पहाटे बारामती-इंदापूर रस्त्यावर धावणारी मुले-मुली पाहून एखाद्याचा समज होईल की, येथे धावण्याच्या खेळाची मोठी परंपरा निर्माण होत आहे. विचारपूस केली असता त्यांतील बहुतेक जण भरतीची तयारी करीत असल्याचे कळते. विद्यापीठाच्या मैदानी स्पर्धांत १५०० मीटरची शर्यत असते. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते. फरक केवळ १०० मीटरचा आहे, पण त्यात दोन वेगळी आयुष्ये आहेत. पहिल्या शर्यतीत तंत्र, गती-नियोजन आणि वर्षानुवर्षांची जोपासना लागते. दुसरीत ठराविक वेळेच्या आत पोहोचले, की पूर्ण गुण मिळतात. त्यापुढे वेगवान होण्याचे कारण उरत नाही. धावपटू घडण्याची प्रक्रिया नेमकी जेथे सुरू व्हावयाची, तेथेच ती थांबते.

यासाठी त्या मुलांना दोष देणे अन्यायाचे होईल. खाशाबाही पोलीस दलातच गेले होते. पदकविजेत्यालाही शेवटी स्थिर नोकरीच शोधावी लागली, तर तालुक्यातील धावपटूने वेगळा विचार का करावा? बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि धावण्यातील त्याची खरी जडणघडण तेथे झाली. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. महाराष्ट्राच्या या सर्वांत यशस्वी धावपटूच्या घडणीत महाविद्यालयाचा वाटा नाही, ही आपल्यासाठी विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. पुण्यात २००१ मध्ये आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट स्थापन झाली. सैन्याने खेळाडूला वेतन, आहार, मार्गदर्शक आणि वेळ या चार गोष्टी एकत्र दिल्या. महाविद्यालये यांपैकी एखादी देतात. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आल्यानंतर सैन्यभरतीचे जुने गणितही बदलले आणि पोलीस भरतीकडील ओढा अधिक वाढला.

शासकीय-निमशासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण ठेवणारा शासन निर्णय ३० एप्रिल २००५ चा. १ जुलै २०१६ रोजी त्यात सुधारणा झाल्या. या निर्णयाने ग्रामीण पालकांच्या मनातील खेळाविषयीचा संशय कमी केला, हे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. मात्र त्याबरोबर प्रमाणपत्र ही एक स्वतंत्र वस्तू झाली. कोणत्या खेळात स्पर्धा कमी, कोठे प्रमाणपत्र लवकर मिळेल, असा हिशेब सुरू झाला, आणि बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यावर पडताळणी कडक झाली. कुस्ती-कबड्डीसारख्या ज्या खेळांत प्रत्येक गावात दहा प्रतिस्पर्धी आहेत, त्यांत घाम गाळणाऱ्याला याचा लाभ सर्वांत उशिरा मिळतो.

दुसरी वाट व्यावसायिक स्पर्धांची. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. २०२४ मध्ये पुणेरी पलटणने दहाव्या हंगामाचे विजेतेपद मिळविले, तेव्हा तिचा कर्णधार अस्लम इनामदार हा अहिल्यानगर जिल्ह्यातील गरीब घरातून आलेला तरुण होता. अशा एका यशाने शेकडो मुले मैदानावर येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण लिलावात ज्यांचे नाव येत नाही, त्यांच्यासाठी पदवी हाच आधार उरतो आणि तीच तोवर अर्धवट राहिलेली असते.

विद्यार्थिनी-खेळाडू

मुलींचा प्रश्न या सर्वांहून वेगळा आहे आणि त्यावर स्वतंत्र निबंध लिहिण्याजोगी सामग्री आहे. धाराशिवच्या सारिका काळे यांचे उदाहरण बोलके आहे. घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत असताना त्या खोखो खेळत राहिल्या, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघाने सुवर्णपदक मिळविले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या दुष्काळी भागातून आलेल्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली व प्रतीक्षा बागडी विजयी ठरली. ज्या आखाड्याची पायरी चढण्यास मुलींना मज्जाव होता, तेथे हे घडले.

तथापि नीरेकाठच्या गावातील महाविद्यालयीन मुलीची अडचण बरीच साधी आणि म्हणूनच हट्टी आहे. सायंकाळचा सराव सहाला संपतो आणि गावाकडे जाणारी शेवटची एस. टी. त्यापूर्वीच सुटलेली असते. मार्च २०२३ पासून एस. टी.त महिलांना निम्म्या भाड्याची सवलत आहे. पण जी गाडीच नाही, तिच्यात सवलत कशी मिळणार? पहाटेच्या सरावासाठी घरातील कोणीतरी दुचाकीवर सोडावयास हवे. ते शक्य नसेल, तर खेळ सुटतो. शिवाय पदवीचे दुसरे वर्ष हे अनेक घरांत स्थळे पाहण्याचे वर्ष असते. बाहेरगावच्या स्पर्धेसाठी चार दिवस मुक्कामी जाण्याची परवानगी प्रथम वर्षात मिळालेली असली, तरी दुसऱ्या वर्षी ती पुन्हा नव्याने मिळवावी लागते. मुलाच्या बाबतीत घर विचारते की, खेळून नोकरी मिळेल का. मुलीच्या बाबतीत प्रश्न असतो, ती परत कधी येणार. दोन्ही प्रश्नांना उत्तर देणारे माणूस महाविद्यालयात असावे लागते. ज्या महाविद्यालयातील शिक्षिका पालकांना स्वतः भेटतात, तेथे मुलींचे संघ टिकलेले दिसतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

दोन पाने

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका ग्रामीण महाविद्यालयात अंतर्गत परीक्षेच्या कामावर होता. कला शाखेच्या द्वितीय वर्षातील एका विद्यार्थिनीच्या नावापुढे त्याने स्वतःच्या हाताने 'अनुपस्थित' असा शेरा लिहिला. ती त्या दिवशी आंतरविभागीय स्पर्धेत विभागाच्या खोखो संघाकडून खेळत होती. संघाचे पत्र कार्यालयात आले होते, परंतु ते परीक्षा विभागाकडे पोहोचण्यास आठवडा लागला. तोवर गुण भरण्याची मुदत संपलेली होती. नियम कोणी मोडला नव्हता. क्रीडा विभागाने पत्र दिले होते, कार्यालयाने आवक नोंद केली होती, परीक्षा विभागाने मुदतीत गुण पाठविले होते.

त्या वर्षीचा वार्षिकांक अलीकडे पुन्हा चाळण्यात आला. जिमखान्याच्या पानावर तिचे छायाचित्र आहे. खाली नाव आणि 'विद्यापीठ संघात निवड' ही ओळ. निकालाच्या पानावर द्वितीय वर्ष कला शाखेचा एकूण निकाल टक्केवारीत दिला आहे. पुढील वर्षीच्या अंकात तृतीय वर्षाच्या गटछायाचित्राखालील यादी दोनदा वाचली. तीत तिचे नाव नाही.